रविवारचा अर्धा तास

सकाळी साडेसहा.
गोळी एक, पाणी पेलाभर,
आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
कॉफी नाही, पाव नाही,
खुर्चीत रेलणंही नाही.
आठवड्यातून एकदा
वार्दोच्या बंदराकडे तोंड करून
मी खिडकीशी उभी असते,
प्रार्थनेला उभं राहावं तशी.
प्रार्थनेला मात्र इतकी वेळेवर
मी कधी गेले नाही.

बाहेर काळोख.
नोव्हेंबरात गेलेला सूर्य अजून परतलेला नाही.
तोवर त्याची बदली
चमचाभर कॉडच्या तेलावर.

झालं काय होतं, तर काहीच नाही.
ऑक्टोबरात बटाट्यांचं पातेलं उचललं
आणि पाठीत काहीतरी हलकेच खचलं,
भुसभुशीत बर्फात पाऊल खचतं तसं.
आवाजसुद्धा नाही.
मग तीन आठवडे
शिंकेची भीती.

किर्केनेसच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी
पडद्यावर माझा कणा दाखवला.
म्हणाल्या, हा मणका पुढून दबलाय, पाचरीसारखा.
मला सांगायची गरज नव्हती.
एकोणतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
मी कॉडचे कणे काढले.
सुरी मणक्यांना घासत न्यायची,
मांस इकडे, काटा तिकडे.
कण्यातली खोट
मला बोटांनी कळते.
माझ्याच पाठीपर्यंत तेवढी बोटं पोचत नव्हती.

व्यायाम शिकवणारा एस्किल
माझ्याशेजारी सुरी चालवणाऱ्या ओडनीचा नातू.
सांगतो: गुन्वोर, पाठीतून वाकू नकोस,
खुब्यातून वाक, बिजागरीसारखी.
पलंगावरून उठताना ओंडक्यासारखी
अख्खी कुशीवर वळ, मग पाय खाली सोड.
काम डोळ्यांपाशी आण,
डोळे कामापाशी नेऊ नकोस.
दुखलं तरी थोडं चाल.
पडून राहिलेलं हाड विसरतं,
आपल्याला कुणाला तोलायचं होतं ते.

सतरा मेला घालायचा घागरा
आता जमिनीला टेकतो.
चार सेंटिमीटर मी कुठे हरवले, कोण जाणे.
मांडीवर दोन उशा, त्यांवर कापड,
दहा मिनिटं शिवण, दहा मिनिटं भिंतीला पाठ,
असा आठवडाभर काठ दुमडला.
कापला नाही.
नात उंच आहे.

गल्लीपलीकडे हिल्मारची खिडकी.
आधी वाटलं, हा माझ्याकडेच बघतो.
दर रविवारी, साडेसहाला, दिवा लावून, मान ताठ!
दोन रविवार मी पडदा ओढून घेतला.
मग औषधांच्या दुकानात
रांगेत पुढे तोच,
हातात तेच खोकं.
पुरुषांनाही होतं हे? मी विचारलं.
म्हणाला, चाळीस वर्षं बोटीवर काढली,
एकदा पडलो नाही.
मोजे घालताना मोडलो.

तेव्हापासून पडदा उघडा.
तो पेला उंचावतो, मी पेला उंचावते.
नुसतं पाणी, पण या गावात
इतकं ताठ उभं राहून
कुणी कधी काही प्यालं नसेल.

आज त्याची खिडकी काळी.
रात्री पाऊस पडून गोठला होता,
रस्ता नुसती काच.
मी गोळी घेतली,
बुटांना लावायचे खिळे काढून
दाराशी ठेवले,
खुब्यातून वाकून, एस्किल म्हणतो तसं.
पाठ ठणकत होतीच.
सहा पस्तीस.
गेल्या रविवारी त्याने पेला
डाव्या हाताने उचलला होता का?

सहा सदतीसला दिवा.
केस विस्कटलेले, हातात पेला,
दुसऱ्या हाताने रिकामं मनगट दाखवत
काहीतरी पुटपुटत होता.

माझा अर्धा तास सातला संपला,
त्याचा सात वाजून सात मिनिटांनी.
तोवर मी कॉफी ठेवली नाही.